लेकीचं नाव रखमा ठेवायचंय? ठेव की!

अगं, सगळ्यांची मतं घेत बसलीस तर पोर चालायला लागेल तरी नाव ठरायचं नाही. सासूबाईंना जुनाट वाटतं, नणंद म्हणते शाळेत चिडवतील. चिडवणारे कियारालाही चिडवतात! रखमा म्हणजे रुक्मिणीच, पंढरपूरची रखुमाई. आणि आपल्याच मुंबईत १८६४ साली जन्मलेल्या डॉ. रखमाबाई राऊत? बालपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी कोर्टात नाकारलं. नणंदेला एवढं सांगच.

घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत हवी, पण नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. तोवर घरात हाक मारून बघ. इंग्रजी स्पेलिंग मात्र आधीच पक्कं कर. माझ्या लेकीची दोन झाली, पासपोर्टच्या वेळी नाकी नऊ आले.