ब्रॉक पर्डीचे 26.5 कोटी डॉलर आणि त्याआधीची तीन वर्षं

प्रश्न असा आहे: एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाने मे 2025 मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) ब्रॉक पर्डीशी पाच वर्षांचा 26.5 कोटी डॉलरचा करार केला. मग संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारा हाच माणूस आधी वर्षाला दहा लाख डॉलरच्याही आत का खेळत होता? आणि एनएफएलमधल्या सगळ्यांचंच आयुष्य असं असतं का?

पर्डी 2022 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात आणि 2011 पासून प्रत्येक क्रमांकाची किंमत जवळजवळ ठरलेली असते, त्यामुळे नवख्याच्या एजंटला घासाघीस करायला फारशी जागा उरत नाही. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी धरून ठेवायचा हक्क संघाकडे असतो. पर्डीचे चार वर्षांचे मिळून सुमारे 37 लाख डॉलर झाले आणि त्यातली पक्की रक्कम म्हणजे 77,008 डॉलरचा साइनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दल मिळणारी रक्कम. बाकीचे पैसे तो संघात राहिला तरच मिळणार होते.

2023 मध्ये त्याचं मूळ वेतन 8,70,000 डॉलर होतं. त्या मोसमात त्याने 4,280 यार्ड आणि 31 टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास फेकले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये संघ सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत 25-22 असा हरला. तरीही करार तोच राहिला. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा करार तीन मोसम संपेपर्यंत बदलताच येत नाही. मालकाने उद्या दुप्पट द्यायचं ठरवलं तरी नाही. चौथ्या वर्षी कामगिरीवर आधारित वाढ मिळते, पण ती पहिल्या फेरीनंतर निवडलेल्यांना, आणि तीही पुरेसे सामने खेळले असतील तर.

आता यातली जोखीम बघा. 29 जानेवारी 2023 ला फिलाडेल्फियाविरुद्ध त्याच्या उजव्या, म्हणजे फेकायच्या हाताच्या कोपराचा लिगामेंट फाटला आणि मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या खेळाडूला त्या मोसमाचा पगार मिळतो. पुढच्या मोसमाची जबाबदारी मात्र, थोडी मर्यादित भरपाई सोडली तर, संघावर राहत नाही. कोपर नीट जुळून आलं नसतं, तर त्याची एकूण कमाई दहा लाखांच्या आसपासच थांबली असती. म्हणून मला आकड्यापेक्षा हमीचा भाग आणि हमी लागू होण्याची तारीख महत्त्वाची वाटते.

याच संघाचं दुसरं उदाहरण. 2014 मध्ये कॉलिन कॅपरनिकचा सहा वर्षांचा करार 12.6 कोटी डॉलरपर्यंतचा म्हणून छापून आला. सही करताना त्यातले पूर्ण हमीचे होते सुमारे 1.3 कोटी. मार्च 2017 मध्ये तो करारातून बाहेर पडला, तोवर हातात आले होते सुमारे 3.9 कोटी. करार वाचताना तीन गोष्टी वेगळ्या काढा: सही करतानाच पूर्ण हमीची असलेली रक्कम, फक्त दुखापत झाली तर मिळणारी रक्कम, आणि ‘मार्चमध्ये अमुक दिवशी संघात असशील तर’ पक्की होणारी रक्कम. या तिसऱ्या प्रकारामुळेच दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला मोठमोठी नावं अचानक बाहेर पडतात. ती तारीख उलटायच्या आत संघाला हात मोकळे करायचे असतात.

तरीही संघ काही खेळाडूंना सोडत नाहीत, त्यामागे सॅलरी कॅपचा, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेचा हिशोब असतो. 2025 साली प्रत्येक संघाची मर्यादा 27.92 कोटी डॉलर होती. समजा, पाच वर्षांच्या करारावर 3 कोटींचा साइनिंग बोनस दिला. खेळाडूला पैसे लवकर मिळतात, पण कॅपवर ते वर्षाला 60 लाख असे पसरतात. दोन वर्षांनी त्याला सोडलं, तर उरलेले 1.8 कोटी एकदम त्याच वर्षाच्या कॅपवर येतात. यालाच डेड मनी म्हणतात. 1 जूननंतर सोडलं, तर यंदा 60 लाख आणि पुढच्या वर्षी 1.2 कोटी. हमी नसलेल्या वर्षांत मोठ्या बोनसचं हे ओझंच खेळाडूला थोडंफार वाचवतं.

ही सगळी चर्चा वरच्या थरातल्या खेळाडूंची झाली. बहुतेकांचं आयुष्य ऑगस्टअखेरीस ठरतं. सराव शिबिरात 90 जण असतात आणि मोसमाआधी 53 ठेवायचे असतात. 32 संघ धरले तर जवळपास 1,200 जणांची जागा जाते, त्यातल्या बऱ्याच जणांची एकाच दिवसात. चारपेक्षा कमी मोसम झालेला खेळाडू वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांना त्याच्यावर दावा करायला साधारण एक दिवस मिळतो आणि दुबळ्या संघाचा हक्क आधी. कुणीच घेतलं नाही तर 16 जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (53 बाहेरचा, सरावापुरता राखीव गट) जागा मिळू शकते. 2025 मध्ये तिथे नवख्याला आठवड्याला 13,000 डॉलर होते, तर 53 मधल्या नवख्याचं किमान वेतन मोसमाला 8,40,000. हा पगारही आठवड्यांच्या हिशोबाने, 18 व्या हिश्श्याने कमावला जातो. ऑक्टोबरमध्ये काढलं की हमी नसलेले उरलेले हिस्से गेले. सरासरी कारकीर्द सुमारे 3.3 वर्षांची, असं खेळाडूंची संघटना सांगते. लीगला ही मोजणी मान्य नाही, पण अनेकांचा पहिला करारही पूर्ण होत नाही, हे खरंच आहे.

रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याची स्थिती सगळ्यांत वाईट, असं माझं ठाम मत आहे. पहिला करार संपेपर्यंत तो 25-26 वर्षांचा होतो, शेकडो टक्कर खाऊन झालेल्या असतात आणि संघाला ड्राफ्टमध्ये त्याच्यापेक्षा स्वस्त, ताजे पाय मिळतात. त्यावर फ्रँचाइज टॅग, म्हणजे ठरलेल्या रकमेचा एक वर्षाचा करार लावून संघ त्याला आणखी एक वर्ष एकतर्फी अडकवू शकतो. पिट्सबर्गच्या लेव्हियन बेलने 2018 मध्ये सुमारे 1.45 कोटींचा टॅग नाकारला आणि अख्खा मोसम घरी बसला.

मोसमातला आठवडा ठरलेला असतो. रविवारी सामना, सोमवारी फिल्म आणि उपचार, मंगळवारी सुट्टी. बुधवारी नव्या डावपेचांची मांडणी, गुरुवारी थर्ड डाउन (चढाईचा तिसरा प्रयत्न), शुक्रवारी रेड झोन (गोलरेषेजवळचे शेवटचे 20 यार्ड), शनिवारी हलका सराव आणि बाहेरचा सामना असेल तर प्रवास. मोसमभरात पूर्ण पॅड घालून फक्त 14 सराव घेता येतात. डोक्याला बसणारे मार कमी व्हावेत म्हणून ही मर्यादा खेळाडूंनी वाटाघाटीत मिळवली. डोक्याला मार बसलेल्याला पाच टप्पे पार करावे लागतात आणि शेवटी संघाबाहेरच्या तज्ज्ञाची मंजुरी लागते. अडचण लक्षणं लपवण्याची आहे. ज्याची जागा दर आठवड्याला धोक्यात असते, तो डोकं दुखतंय हे सहज सांगत नाही. हमीचे पैसे कमी असण्याचा हा परिणाम मला सगळ्यांत गंभीर वाटतो.

छापलेल्या पगारातून एजंटचे जास्तीत जास्त 3 टक्के जातात. केंद्राचा कर वेगळा, शिवाय ज्या ज्या राज्यात सामना खेळला तिथला कर, तिथे घालवलेल्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात. फ्लोरिडात राहणाऱ्याला घरी राज्याचा आयकर नाही, पण कॅलिफोर्नियात सामना खेळला की तिथला भरावाच लागतो. मोसमाबाहेरचा प्रशिक्षक, मालिश, आहारतज्ज्ञ हे बहुधा स्वतःच्या खिशातून.

खेळलेले मोसम मोजायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि बरेच जण त्या एकच समजतात. फ्री एजन्सीसाठी, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळं होण्यासाठी, एक मोसम धरला जायला सहा सामने पूर्ण पगारावर लागतात, पेन्शनसाठी तीनच पुरतात. असे तीन मोसम झाले की पेन्शनचा हक्क लागतो आणि खेळ सोडल्यावर पाच वर्षं आरोग्य विमा सुरू राहतो. म्हणून दोन मोसम झालेला राखीव खेळाडू तिसऱ्या वर्षी सप्टेंबर संपेपर्यंत 53 मध्ये टिकतो की नाही, हे त्याच्या घरच्यांसाठी कुठल्याही टचडाउनपेक्षा मोठं असतं.