‘अँटिट्रस्ट’मधला ट्रस्ट कोणता?

प्रश्न असा आला आहे: गूगलवरच्या खटल्याच्या बातमीत ‘विश्वासविरोधी कायदा’ असं वाचलं. मूळ शब्द ‘अँटिट्रस्ट’. आपल्याकडे ट्रस्ट असतो देवस्थानाचा, नाहीतर शाळेचा. त्याच्याविरुद्ध कायदा कशासाठी?

‘विश्वासविरोधी’ हे सपशेल चुकीचं भाषांतर आहे. या शब्दातला ट्रस्ट मात्र आपल्या ओळखीचाच, विश्वस्तांचा. मालकी विश्वस्तांच्या नावावर आणि लाभ दुसऱ्याला, ही त्याची कायदेशीर रचना. देवस्थानाला उपयोगी पडणारी हीच रचना अमेरिकी उद्योगपती रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने तेलाच्या धंद्याला लावली.

त्या काळी अमेरिकेत एका कंपनीने दुसरीचे शेअर बाळगायचे म्हटले की बहुतेक राज्यांचे कायदे आडवे येत. सॅम्युएल डॉड या वकिलाने वाट काढली. १८८२ साली सुमारे ४० कंपन्यांच्या भागधारकांनी आपले शेअर ९ विश्वस्तांच्या हवाली केले आणि बदल्यात नफ्यावर हक्क देणारे दाखले घेतले. कागदोपत्री कंपन्या वेगवेगळ्याच राहिल्या, पण भाव आणि उत्पादन ठरवणारे हात तेवढेच. पाठोपाठ साखरेचा आणि व्हिस्कीचाही ट्रस्ट झाला. मग लोक बाजार गिळणाऱ्या कुठल्याही जुटीला ‘ट्रस्ट’ म्हणू लागले.

१८९०च्या शर्मन कायद्याने व्यापारात अडथळा आणणारी जूट, ‘ट्रस्टच्या रूपात किंवा अन्यथा’, बेकायदा ठरवली. त्या ‘अन्यथा’ला फार महत्त्व आहे. कारण १८९२ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने स्टँडर्डच्या ट्रस्टवर घाव घातला, पुढे १८९९ मध्ये तिने न्यू जर्सीत धारक कंपनी (म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणारी कंपनी) उभी केली, आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिचे ३४ तुकडे झाले तेव्हा ते विश्वस्त केव्हाच इतिहासजमा झाले होते. नाव तेवढं चिकटून राहिलं.

याच कायद्याचा बडगा कामगारांवरही उगारला गेला, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते. अमेरिकेतल्या डॅनबरी गावच्या टोपी कारागिरांच्या संघटनेने पुकारलेला बहिष्कार १९०८ मध्ये व्यापारातला अडथळा ठरला, आणि साध्या सभासदांच्या घरांवर जप्तीची पाळी आली. १९१४च्या क्लेटन कायद्यात ‘माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू नव्हे’ हे वाक्य घालावं लागलं ते अशा अनुभवांमुळेच.

मराठीत ‘मक्तेदारीविरोधी कायदा’ म्हणावं. मक्ता म्हणजे मुळात सरकारने दिलेला ठेका. त्या शब्दाचा अर्थही असाच पसरत गेला. आपला १९६९चा कायदा मक्तेदारीच्याच नावाने होता, त्याची जागा घेणारा २००२चा स्पर्धेच्या नावाने आहे. अनेक कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याचा खटला असेल तर ‘मक्तेदारी’ तोकडा पडतो. तिथे ‘स्पर्धा कायदा’ अधिक नेमका.