गडद भिंतीवर फिकट रंग देताय? आधी प्रायमर
अरे थेट फिकट रंग मारायला घेऊ नकोस, चार-चार हात दिलेस तरी खालचा गडद रंग डोकावत राहील आणि महागडा रंग मात्र संपेल. भिंत पुसून घे, जुना रंग चकचकीत असेल तर २२० नंबरचा पॉलिशपेपर हलकाच फिरव, नाहीतर नवीन थर नीट धरत नाही, मग धूळ पुसून पांढऱ्या प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, २ हात दे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा, इथे घाई अजिबात नको. प्रायमरनंतर भिंत जराशी डागाळलेली दिसली तरी चालेल, त्यावर रंगाचे २ हात पुरतात. पिवळा किंवा लाल छटेचा रंग निवडला असशील तर मात्र तिसरा लागू शकतो, ते रंग मुळातच कमी झाकतात. आणि कडा आधी ब्रशने, मग लगेच रोलर, कड ओली असतानाच.