राम सातपुते यांची राजकीय कारकीर्द २०२४ च्या दोन पराभवांनंतर संपली का?

संपलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. एकाच वर्षात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही हरलेला, सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसचा भाजपचा तरुण माजी आमदार पुन्हा उभा राहू शकतो का, असं तुम्ही विचारलंत. मी शेजारच्या पंढरपूर तालुक्यातला आहे, माळशिरसचं राजकारण जवळून पाहत आलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सातपुते मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, ऊसतोड कामगाराचा मुलगा. आधी अभाविप ही विद्यार्थी संघटना, मग भाजपची युवा शाखा भाजयुमो, असे वर आले. ज्या ऊसपट्ट्यात त्यांच्या आईवडिलांसारखी माणसं कोयता घेऊन येतात, तिथूनच ते आमदार झाले. मला ही गोष्ट पक्षापलीकडे मोलाची वाटते.

माळशिरस २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यामुळे तालुक्यातल्या अकलूजच्या मोहिते पाटील घराण्याला इथून उभं राहता येत नाही, पण साखर कारखाना आणि शिक्षणसंस्थांचं जाळं त्यांचं असल्याने त्यांचा गट कुठे जातो यावर बरंच ठरतं. २०१९ ला हा गट भाजपबरोबर होता. तरी सातपुते राष्ट्रवादीच्या उत्तमराव जानकरांविरुद्ध निवडून आले ते २,५९० मतांनीच.

२०२४ ला सगळंच फिरलं. पक्षाने त्यांना सोलापूर लोकसभेला उभं केलं. माळशिरस तालुका माढा लोकसभेत येतो, म्हणजे त्यांच्याच तालुक्यातल्या माणसाला त्यांना मत देता येत नव्हतं. समोर तीन वेळा आमदार झालेल्या प्रणिती शिंदे. प्रचारात 'सोलापूरची लेक' विरुद्ध 'उपरा' हा सामना रंगला आणि ते ७४,१९७ मतांनी पडले. तिकडे माढ्यात धैर्यशील मोहिते पाटील भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षातून खासदार झाले. वर्षानुवर्षं मोहिते पाटलांना विरोध करणारे जानकरही त्यांच्याबरोबर आले. तालुक्यातले दोन मोठे गट एका बाजूला झाल्यावर नोव्हेंबरची विधानसभा सातपुत्यांसाठी अवघडच होती.

आता आकडे बघा. २०१९ ला जिंकताना त्यांना १,०३,५०७ मतं होती, २०२४ ला हरताना १,०८,५६६. जानकरांकडून पराभव १३,१४७ मतांचा. मोहिते पाटलांचा गट गेल्यावरही मतं पाच हजारांनी वाढली. मतदान वाढलं होतं, राज्यात महायुतीची हवा होती, हे धरूनही एवढी मतं नुसत्या पक्षचिन्हावर पडत नाहीत. तालुक्यातल्या ज्या मारकडवाडी गावात नंतर मतदान यंत्रावर शंका घेऊन मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचा घाट घातला गेला आणि पोलिसांनी तो होऊ दिला नाही, तिथेही यंत्रावर सातपुत्यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं होती.

निकालानंतर सातपुत्यांनी त्याच घराण्यातले, पण भाजपमध्येच राहिलेले विधान परिषद आमदार रणजितसिंह मोहिते पाटील यांची पक्षातून हकालपट्टी करा, अशी जाहीर मागणी लावून धरली. राग समजतो. पण पुढची पाच वर्षं त्यावर काढता येणार नाहीत. त्यांच्याकडे कारखाना नाही, दूध संघ नाही. आमदार असताना निधी असतो, तहसीलदार फोन उचलतो. पद गेलं की गावोगावी स्वतःची माणसं असावी लागतात. जिल्हा परिषद, पंचायत समिती, बाजार समिती इथे त्यांची किती माणसं निवडून येतात, याकडे मी लक्ष ठेवीन.

मला खरी काळजी वेगळीच आहे. २०२६ नंतरच्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना व्हायची आहे. त्यात माळशिरसचं आरक्षण उठलं, तर मोहिते पाटलांना स्वतः उभं राहता येईल आणि एक लाख मतं मिळवलेल्या या माणसाला मतदारसंघच नव्याने शोधावा लागेल.