फिल्टर चकाचक धुतला आणि मासे धापा टाकायला लागले

प्रश्न : नमस्कार ताई, मी पहिल्यांदाच फिशटँक घेतलाय, तीन आठवडे झाले. दोन फुटी टँक आहे, चार गोल्डफिश आणि दोन मॉली. चार दिवसांपूर्वी एका गोल्डफिशच्या शेपटीवर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तो मधेच सुळकन जाऊन खडीला अंग घासतो. जिथून मासे आणले तिथे विचारलं तर निळं औषध दिलं, दहा-बारा थेंब टाका म्हणाले. मी ते टाकलं, त्याच दिवशी सगळं पाणी काढून टँक धुतला, फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुतला. काल ठिपके गेल्यासारखे वाटले, आज परत आलेत, आता दुसऱ्या माशावर पण दिसतायत, आणि सगळेच मासे वर येऊन तोंड उघड-मीट करतायत. औषध कमी पडलं का? डबल टाकू का?

उत्तर : डबल अजिबात टाकू नका, ती बाटली आधी कपाटात ठेवा. खरं सांगू, ठिपके वाचून मला फार काही वाटलं नाही, पण ते 'अगदी पांढरा होईपर्यंत' वाचलं आणि धस्स झालं.

तुमच्याकडे एकाच वेळी दोन भानगडी चालू आहेत. ठिपके ही एक. सगळेच मासे एकदम वर येऊन धापा टाकतायत ही दुसरी, आणि आज जीव घेईल ती ही दुसरी. म्हणून आधी तिचं बघू.

मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडत असतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया माशाला विषच. टँकमधले काही बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात (तेही विषच), मग दुसरे बॅक्टेरिया त्याचा नायट्रेट करतात, तो बराच सौम्य असतो आणि पाणी बदलताना निघून जातो. आता हे बॅक्टेरिया राहतात कुठे तर मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात आणि खडीवर, पाण्यात फार नसतात. नवीन टँकमध्ये ते पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तुमच्याकडे तीन आठवड्यांत जेमतेम रुजत होते, तेवढ्यात क्लोरीनवाल्या नळाच्या पाण्याखाली तुम्ही त्यांना पिळून काढलंत. तो चॉकलेटी बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हती हो, तोच तुमचा फिल्टर होता! तुम्हाला बोलत नाहीये, माझा पहिला टँक मी दर रविवारी भांडी घासावी तसा घासायचे आणि दर महिन्याला मासे का मरतात म्हणून रडत बसायचे.

अमोनियाने कल्ले भाजतात. नायट्राइट रक्तात गेला की रक्ताला ऑक्सिजन धरता येत नाही, म्हणून बुडबुडे जोरात चालू असले तरी मासा गुदमरतो. टेस्ट किट मिळालं तर अमोनिया आणि नायट्राइट बघा, दोन्ही शून्य हवेत. किट नसेल तरी थांबू नका, आजच 30-40 टक्के पाणी बदला, सगळं नाही. नवीन पाण्यात अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध) टाकलेलं हवं, तापमान टँकएवढंच हवं. रात्रभर बादलीत पाणी ठेवलं की क्लोरीन उडतो हे खरं, पण काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात ते असं ठेवून जात नाही, त्यामुळे अँटिक्लोरीनची सवय लावून घ्या. एअर पंप फुल चालू. दोन दिवस खाणं बंद, काही होत नाही उपाशी राहून, खाणं कमी म्हणजे अमोनिया कमी. मग रोज 25-30 टक्के पाणी बदलत राहायचं, दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकेपर्यंत. यात काही आठवडे जाऊ शकतात, कंटाळायचं नाही.

आता ठिपके. तुम्ही सांगताय त्यावरून हा इक वाटतोय, व्हाइट स्पॉट म्हणतात तोच. हा परजीवी आहे आणि तो माशाच्या कातडीच्या वर नाही, खाली बसलेला असतो, म्हणून तिथे औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो गळून खाली पडतो, खडीवर चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात, मग ती पिल्लं बाहेर पडून पोहत नवीन मासा शोधतात. औषधाने मरतात ती फक्त ही पोहणारी. काल ठिपके गेले ना, तो गुण नव्हता आला, ते खाली पडून पोरं वाढवत होते! 25 अंशाच्या आसपास हे चक्र आठवड्याभरात पूर्ण होतं, पाणी थंड असेल तर जास्त वेळ लागतो. म्हणून शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान एक आठवडा उपचार चालू ठेवायचा, बहुतेक लोक इथेच चुकतात. आणि ठिपके कल्ल्यांतही होतात, ते आपल्याला दिसत नाहीत, धापांना तेही एक कारण असू शकतं.

निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असावं. ते वेगळ्या टबात वापरायला ठीक, पण मेन टँकमध्ये टाकलं की फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं, वर काचेचा सिलिकॉन निळा होतो तो वेगळाच. 'दहा-बारा थेंब' याला पण काही अर्थ नाही, डोस लिटरवर असतो. तुमचा टँक 60×30×30 सेंमी धरला तर गुणाकार भागिले 1000, म्हणजे 54 लिटर, खडी आणि वरची रिकामी जागा सोडून 45 धरा.

तुमच्या बाबतीत मी मीठच सांगेन, कारण गोल्डफिश आणि मॉली दोघांनाही ते चांगलं सोसतं. साधं मीठ, आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम. लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 45 ग्रॅम, टँकच्याच पाण्यात मगमध्ये पूर्ण विरघळवून हळूहळू ओता, 12 तासांनी परत 45, अजून 12 तासांनी परत 45. बास, लिटरला 3 ग्रॅम झाले. पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याचंच मीठ टाकायचं, 15 लिटर बदललं तर 45 ग्रॅम. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, त्यामुळे पाणी आटलं म्हणून भर घातली तर त्यात मीठ नको. आणि मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही, म्हणजे दुसऱ्या भानगडीलाही उपयोगच. खरी झाडं किंवा गोगलगाई असतील तर आधी बाहेर काढा. ठिपके गेले की आठवडाभर अजून ठेवा, मग पाणी बदलता बदलता मीठ आपोआप उतरतं.

हीटर लावून 30 अंश करा असं कोणी सांगेल. काही माशांना चालतं, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि तुमचे मासे आधीच तोंड वर करून बसलेत, शिवाय गोल्डफिश थंड पाण्यातला. नको. पाच-सहा दिवसांत ठिपके वाढतच गेले तर मग मॅलॅकाइट ग्रीनवालं इकचं औषध आणा, लिटर मोजून, आणि फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

आणखी एक, हे तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतेच. 45 लिटरमध्ये चार गोल्डफिश म्हणजे एका खोलीत चार बिऱ्हाडं. एकेक मासा 15-20 सेंमी होऊ शकतो. बरे झाले की मोठ्या टँकचा विचार करा किंवा कोणाला तरी द्या, आणि मॉलीला पाणी जरा उबदार लागतं तेव्हा ती जोडी वेगळीच बरी.

प्रश्न : माझा गोल्डफिश खाल्लं की पोट वर करून तरंगतो, थोड्या वेळाने सरळ होतो. मरणार का?

उत्तर : नाही, बहुतेक बद्धकोष्ठ आहे. दोन-तीन दिवस उपास, मग उकडलेला वाटाणा साल काढून चिमूटभर. यापुढे तरंगणारे दाणे तसेच न टाकता आधी भिजवून द्या, नाहीतर तो वर येऊन दाण्याबरोबर हवा गिळतो. पण एकदा वरून नीट बघा. खवले उभे राहून अंग काटेरी दिसत असेल तर ते बद्धकोष्ठ नाही, जलोदर आहे, आणि त्यातून फार कमी मासे वाचतात. तसं दिसलं तर त्याला वेगळा ठेवा आणि पाणी तपासा.

प्रश्न : नवीन मासे पिशवीच्या पाण्यासकट टँकमध्ये सोडले तर चालतात का?

उत्तर : नको. पिशवी 15-20 मिनिटं तरंगत ठेवा, मासा जाळीने काढा, पाणी सिंकमध्ये. आणि थेट मेन टँकमध्ये तर नाहीच, तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत. साधा प्लास्टिकचा टब आणि मेन टँकमध्ये आधीपासून भिजत ठेवलेला एक जादा स्पंज फिल्टर, एवढं पुरतं. वरच्या पत्रातले ठिपके बहुधा असेच कुणाच्या तरी अंगावर बसून आले असणार.