दोन पाण्यांवरचा गहू

प्रश्न : मध्यम काळी जमीन आहे. विहिरीचं पाणी जानेवारीत आटतं, दोनच पाळ्या मिळतील. वाण कोणता घ्यावा आणि पाणी कधी द्यावं?

उत्तर : निफाडच्या संशोधन केंद्राचा नेत्रावती (एनआयएडब्ल्यू १४१५) घ्या. तो जिरायत आणि मर्यादित पाण्यासाठीच आहे. त्र्यंबकसारखे बागायती वाण अशा ठिकाणी नकोत. पाणी तुटलं की दाणा बारीक राहतो.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ५ ते ६ सेंमी खोल, ओलीवर करा. पहिलं पाणी २० ते २२ दिवसांनी. एखादं रोप उपटून पाहा : जमिनीखाली बोटभर अंतरावर, खोडाच्या गाठीतून पांढरी मुळं डोकावत असतात. ती मुकुटमुळं. वरचा थर कोरडा असेल तर ती खुंटतात, फुटवेही कमी येतात. ही कसर नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही. दुसरं पाणी ६० ते ६५ दिवसांनी, फुलोऱ्यात. तेव्हा ताण बसला तर ओंबीत दाणे कमी भरतात.

एकच पाळी मिळणार असेल तर मात्र ती ४० ते ४२ दिवसांनी, कांडी धरताना (खोडाला पेरं सुटू लागताना) द्या. पिकाला मुकुटमुळांच्या आणि फुलोऱ्याच्या अशा दोन्ही वेळचा ताण निम्मा-निम्मा सोसावा लागतो, इतकंच. पेरणीनंतर द्यायचा युरियाचा दुसरा हप्ता कोरड्यात फेकू नका, वाया जातो.