समासातली रांग

अरे,

तुझा मेल रात्री वाचला तेव्हा तुझ्याबद्दल वाईट वाटलं. सकाळी पुन्हा वाचला तेव्हा थोडा रागच आला. या पत्रात दोन्ही येणार, सांभाळून घे.

चार देशांत विखुरलेल्या तुमच्या बस-प्रकल्पाच्या गटाच्या तक्रारी मी बाजूला ठेवते. चौघांतला एक तीन आठवडे गायब, दुसरीच्या घड्याळात तुमची सकाळ म्हणजे मध्यरात्र, कोड एकच जण लिहितो आणि बाकीचे खाली अंगठा देऊन मोकळे होतात. चालायचंच. समोरासमोरच्या गटांतही असंच असायचं; गायब झालेला तेव्हा निदान कँटीनमध्ये सापडायचा.

माझं लक्ष अडकलं ते शेवटच्या परिच्छेदात. तुमचं मॉडेल म्हणतं, त्या मार्गावर प्रवाशाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तू एका थांब्यावर दोन तास उभा राहिलास, कोण कधी आलं आणि कधी चढलं ते वहीत टिपलंस, आणि आकडा आठाच्या वर गेला. गटाचं उत्तर आलं: दोन महिन्यांच्या डेटापुढे तुझे दोन तास म्हणजे आउटलायर, बाकीच्यांशी न जुळणारा आकडा, काढून टाकू. सादरीकरणाला नऊ दिवस उरलेत आणि तू विचारतोयस, गप्प बसू का?

गप्प बसायचं नाही. पण ज्या मुद्द्यावर तू भांडायला निघाला आहेस तो मुद्दाही चुकीचा आहे. तुला वाटतंय, डेटा खोटा आहे. तो खोटा नाही.

वेळापत्रकात दर दहा मिनिटांनी बस आहे. दहाचं अर्धं पाच, म्हणून प्रतीक्षा पाच मिनिटं. तुमच्या मॉडेलने एवढंच केलंय, बाकी सगळी सजावट. आता तुझ्या वहीचं पान उघड. तिथे दहा-दहाचं अंतर कुठे दिसतंय? गाड्या जोडीने येतायत. एक आली की दोन मिनिटांत दुसरी, मग अठरा मिनिटं रस्ता मोकळा. दोन आणि अठराची सरासरी दहाच येते, तासाला गाड्याही सहाच होतात, हिशेब अगदी चोख. पण थांब्यावर येणाऱ्याला गाड्यांची सरासरी भेटत नाही. वीस मिनिटांच्या त्या चक्रात दहातले नऊ जण अठराच्या पोकळीत येऊन पडतात आणि सरासरी नऊ मिनिटं ताटकळतात. दहावा नशीबवान दोनच्या फटीत येतो आणि मिनिटभरात चढतो. सगळे मिळून 8.2. तुझा आकडा कसला आउटलायर, तो यायलाच हवा होता.

जोड्या का होतात, तेही तू पाहिलं असणार, फक्त लिहिलं नाहीस. पुढची गाडी जरा उशिरा आली की थांब्यावर माणसं जास्त जमतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला माणसंच मिळत नाहीत, ती रिकामी पळत येते आणि पुढचीला गाठते. न्यूवेल आणि पॉट्स या अभ्यासकांनी हे 1964 साली गणितात मांडून ठेवलं आहे.

आता तुझा तो कोड लिहिणारा हुशार गडी म्हणेल, हे सगळं छापलेलं असताना उन्हात उभं राहायची गरज काय? मान्य आहे. ज्याला सूत्र शोधायचंय तो खोलीत बसूनही शोधेल. पण शोधलं का कुणी? दोन महिने गाड्यांच्या जीपीएस नोंदी तुमच्याकडे पडून होत्या. प्रत्येक फेरी कधी आली ते त्यात सेकंदासकट आहे. तुम्ही त्यांची सरासरी काढली, ती दहाला जुळली, सगळे खूश झाले. त्या नोंदींना कुणी काही विचारलंच नाही. विचारायचं तुला सुचलं, कारण पाय तुझे दुखले होते.

म्हणून सांगते, आधी थांब्यावर उभं राहायचं, मग मॉडेल. हा क्रम मी बदलू देत नाही. माझ्याकडे शिकलेल्या पोरांना त्याचा कंटाळा आला होता, तुलाही येईल.

तुमचं मॉडेल ज्या जीटीएफएस, म्हणजे बसच्या वेळापत्रकाच्या, फाइलवर चालतं, तिचा इतिहास 2005 चा. पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून ती रचना बसवली, आता जगभर चालते. उत्तम सोय आहे. पण तिच्यात थांब्यासमोर जी वेळ लिहिलेली असते, तो संस्थेने दिलेला शब्द असतो. शब्द पाळला गेला का, हे त्या फाइलला कसं कळणार? शब्द आणि हजेरी यांतला फरक थांब्यावर दहा मिनिटांत कळतो. म्हणजे, अठरा मिनिटांत.

माझं सांगते. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

आम्हीही चौघंच होतो. एका चौकातल्या सिग्नलच्या वेळा नव्याने बसवायच्या होत्या. दोघांनी मोजणी केली, तिसऱ्याने नकाशा काढला, गणित माझ्याकडे. सिग्नलच्या वेळा ठरवायचं वेब्स्टरचं 1958 चं सूत्र मला तोंडपाठ होतं, आणि तोंडपाठ असण्याचा माजही होता. मोजणीचे कागद आले. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरपी. एका बाजूने येणाऱ्या गाड्या सगळ्यांत कमी भरल्या. जिकडे वाहतूक कमी तिकडे हिरवा दिवा कमी, हे सूत्राचं साधं म्हणणं. मी त्या बाजूचे आठ सेकंद काढले आणि आडव्या रस्त्याला दिले.

त्या बाजूला गाड्या कमी नव्हत्या. तिथला हिरवा आधीच इतका तोकडा होता की मोजक्याच गाड्या रेषा ओलांडायच्या आणि बाकीच्या मागे तुंबायच्या. आमची माणसं मोजत होती त्या रेषा ओलांडणाऱ्या. रेषेवर उभं राहून मोजलं जातं ते सुटलेलं. अडलेलं मोजायचं तर रांगेच्या शेपटापर्यंत चालत जावं लागतं. जो रस्ता सगळ्यांत जास्त अडला होता, त्याचाच दिवा मी कापला. आठवड्याच्या आत ती रांग मागच्या चौकात शिरली.

कळायला काही मार्गच नव्हता, असं मी बरीच वर्षं सांगत आले. मार्ग होता. मोजणाऱ्या मित्राने कागदाच्या समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते: 'मागे रांग'. एकदा नाही, सात कागदांवर. मी ते वाचले होते. तक्त्यात उतरवताना सोडून दिले, कारण तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. तक्ताच तसा आला होता, असंही मी म्हणत असे. तक्ता मीच आखला होता.

सूत्र मात्र चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणते. मोजलेल्या गाड्या म्हणजेच मागणी, असं वेब्स्टरने कधी म्हटलं? आणि मोजणाऱ्यानेही पेन्सिलीऐवजी तोंड वापरलं असतं तर... असो. बघितलंस ना, इतकी वर्षं झाली तरी माझी वकिली सुटत नाही. तो मित्र माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. चार पावलं टाकून 'हे काय लिहिलंयस?' असं मी विचारलं नाही. म्हणून तुमच्यातल्या चार देशांच्या अंतराला मी दोष देणार नाही. अंतर मी एका खोलीतही ठेवून दाखवलंय.

दूर बसून हे काम होतच नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला नैरोबी दाखव. तिथल्या मटाटू म्हणजे खासगी छोट्या बस. मार्ग लोकांच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही. नैरोबी विद्यापीठ आणि अमेरिकेतली कोलंबिया आणि एमआयटी ही विद्यापीठं एकत्र आली आणि 2014 मध्ये त्या शंभराहून जास्त मार्गांचा नकाशा बाहेर पडला. दोन खंडांत विखुरलेला गट, तुमच्यापेक्षा मोठा. पण त्यांची विद्यार्थी मंडळी फोन घेऊन मटाटूत बसली, गाडी जिथे थांबली तिथे नोंद केली, पुन्हा निघाली. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान एक जण शेळ्यांच्या कळपात चालत असावा लागतो.

उलटं उदाहरण बोस्टनचं. 2017 मध्ये शाळांच्या बसमार्गांसाठी तिथे स्पर्धा झाली, एमआयटीच्या गटाने जिंकली आणि त्यांच्या अल्गोरिदममुळे सुमारे 50 बस कमी करता आल्या. सुंदर काम, मी ते वर्गात शिकवलंय. त्याच वर्षाअखेरीस शाळा भरण्याच्या वेळाही अशाच गणिताने बदलायचं ठरलं. बऱ्याच प्राथमिक शाळा सकाळी फार लवकर भरणार होत्या. पालक खवळले आणि काही आठवड्यांत तो बेत गुंडाळावा लागला. गणित चुकलं नव्हतं. मोठ्या मुलांची झोपसुद्धा त्यात धरलेली होती. पण लहान पोराला अंधारात उठवून, तयार करून स्वतःच्या कामावर धावणारं घर समीकरणात शिरलं नव्हतं, आणि त्या घराने ते सभेत येऊन ओरडून सांगितलं. थांब्यावर आधी गेलं नाही तर थांबा आपल्याकडे चालून येतो.

आता माझ्या रागाचं कारण. तू दोन तास उभा राहिलास, घामाघूम झालास, आणि गटाला काय पाठवलंस? एक ओळ. 'मी मोजलं, 8.4 येतंय.' त्यांनी त्याला आउटलायर म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? तुझ्या मेलमध्ये मला लिहिलंयस, की दोन गाड्या पाठोपाठ आल्या तेव्हा पहिलीच्या दारात माणसं लोंबत होती आणि दुसरी जवळजवळ रिकामी होती; एका बाईंनी पहिली भरलेली गाडी मुद्दाम सोडली, कारण दुसरी येणार हे त्यांना ठाऊक होतं. हे मला लिहिलंस, गटाला का नाही? तू माझ्यासारखंच केलंस, बाळा. समास कापलास आणि तक्ता पाठवलास.

तर आता ऐक, आणि 'पण वेळ नाही' म्हणू नकोस. नऊ दिवस पुष्कळ झाले.

उद्या गटाला फोनवरून थांब्यावर आण. व्हिडिओ कॉल लाव, कॅमेरा येणाऱ्या गाडीच्या तोंडाकडे ठेव (माणसांचे चेहरे टिपू नकोस, आपण तिथे पाहुणे असतो), आणि अर्धा तास कुणी काही बोलू नका. अठरा मिनिटांची पोकळी पडद्यावर नुसती बघत बसणं काय असतं ते त्यांना कळू दे. जिच्याकडे मध्यरात्र असेल तिला रेकॉर्डिंग पाठव, पण सांग, पळवत बघायचं नाही. पोकळी पळवली की उरतं काय?

मग प्रत्येकाने आपापल्या गावच्या जवळच्या थांब्यावर एक तास उभं राहायचं. त्या गायब झालेल्यालाही सांग. कोड न येणाऱ्याला या कामात लाजण्यासारखं काही नसतं, कदाचित म्हणूनच तो परत येईल. तुमच्या मार्गाचा डेटा त्यातून वाढणार नाही, हे मलाही कळतं. पण 'अंतर' नावाचा स्तंभ पुढे ज्याच्या ज्याच्या पडद्यावर येईल, त्याच्या पिंढऱ्यांना तो आठवेल. तुम्ही कामं वाटून घेतलीत, एकाकडे डेटा, एकाकडे कोड, एकाकडे स्लाइड. तिथेच घोटाळा झाला. उभं राहणं वाटून घेता येत नाही.

नंतर जीपीएसच्या नोंदींकडे या. सरासरी बाजूला ठेवा आणि गाड्यांमधलं एकेक अंतर काढा. प्रत्येक अंतराचा वर्ग करा, त्या वर्गांच्या बेरजेला अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा. निघेल ती माणसाची प्रतीक्षा. दोन महिन्यांच्या डेटातून आठाच्या आसपास काही आलं, तर तुझ्या वहीला साक्षीदार मिळाला. नाही आलं, तर तुझे दोन तास खरंच वेगळे होते आणि ते का वेगळे होते हे शोधणं हाच तुमचा प्रकल्प. दोन्हीकडून तुमचं भलंच आहे. फक्त पहिल्या स्लाइडवर ब्राएसचा विरोधाभास (नवा रस्ता जोडला की कधीकधी सगळ्यांचाच प्रवास लांबतो, तो) टाकू नका. 1968 पासून तो सुंदर आहे आणि तेव्हापासून प्रत्येक गट तो पहिल्या स्लाइडवर टाकतोय.

मोजणीला रविवारी जाऊ नकोस, रविवारची बस वेगळ्याच चालीने चालते. मंगळवार, बुधवार, गुरुवार यांतला वार धर. पानावर चार रकाने आख: गाडी आली ती वेळ, दार मिटलं ती वेळ, किती जण खालीच राहिले, आणि चौथा मोकळा. त्याला नाव देऊ नकोस. तुमच्या तक्त्यात त्याला कुठेच जागा सापडणार नाही. पाने झाली की मला आधी त्या चौथ्या रकान्याचे फोटो पाठव, अक्षर कितीही वाईट असू दे. आकडे नंतर पाहू.

तुझी,
थांब्यावरची मावशी